महाराजांच्या पाठीमागचं अकोला

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं तसबिरी मढवायचं दुकान आहे. आधी वडिलांचं होतं, मग माझं झालं. देवांचे फोटो, काबाचे फोटो, लग्नाचे, दहावीत पहिल्या आलेल्या पोरींचे, मेलेल्या माणसांचे, सगळे मढवले. माझ्या स्वतःच्या घरात मात्र भिंतीवर एकही माणूस नाही. माझी बायको रजिया हिला ते आवडत नसे.

"मी मेले तर मला खिळ्यावर लटकवायचं नाही," असं तिनं धडधाकट असतानाच सांगून ठेवलं होतं. "तुमच्या हाताला सवय आहे, म्हणून आधीच सांगते."

ती २००६ च्या मार्च महिन्यात गेली. तीन दिवसांचा ताप होता, जास्त काही नाही. मी तिचं ऐकलं. तसाही तिचा फोटो एकच होता, मतदार कार्डावरचा, आणि त्यात ती तिच्यासारखी दिसत नव्हती.

त्या साली दुकानात कामाला तोटा नव्हता. आजूबाजूच्या गावांतून लोक फोटो मोठा करून मढवायला आणत. पस्तिशीचे, चाळिशीचे शेतकरी, पासपोर्ट आकारातले. पेपरात आत्महत्यांच्या आणि सरकारी पॅकेजच्या बातम्या रोज असत. मी जास्त विचारत नसे. काच पुसून द्यायचो, बाप सांभाळून धरायचा असं पोराला सांगायचो. घरी आलो की तशीच एक कोरी भिंत समोर असायची.

माझी मुलगी यास्मीन अमरावतीला असते. उन्हाळ्यात ती चार दिवस राहायला आली. भिंतीकडे पाहून म्हणाली, "अब्बा, अम्मीचा फोटो नको तर नको. पण तिचं काहीतरी हवं इथं. तिचा तो नकाशा असता तर?"

मी म्हणालो, "तो कुठला आता."

"तुम्हीच हरवला ना?"

हे खरं होतं. आमच्या घरात काहीही हरवलं, चष्मा म्हणा, चावी म्हणा, की रजिया म्हणायची, "ठेवलं असेल अकोल्याच्या शेजारी." सत्तावीस वर्षं मी हे ऐकलं.

त्या नकाशाची गोष्ट अशी. माझ्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातली रद्दी ट्रकभर आणली होती. तिच्यात इंग्रजांच्या काळातले नकाशे होते, किल्ल्यांची आणि बंगल्यांची छापील चित्रं होती, कापडाच्या ठाणावर चिकटवायची रंगीत लेबलं होती. वडिलांना चित्रांचं कौतुक नव्हतं. तो जुना कागद जाड आणि चिवट होता, एवढंच त्यांना दिसलं. तसबीर आणि पाठीमागचा पुठ्ठा यांच्या मध्ये एक कागद घालावा लागतो. आम्ही त्याला अस्तर म्हणतो. पुठ्ठ्याचा ओलावा चित्राला लागत नाही त्यामुळे. छापील बाजू पुठ्ठ्याकडे करायची आणि कोरी बाजू चित्राकडे, म्हणजे शाई उतरत नाही. अशा रीतीनं आमच्या दुकानानं अर्ध्या वऱ्हाडाचे नकाशे वऱ्हाडाच्याच घरांत बंद करून टाकले.

रजिया पातूरची. १९७८ मध्ये लग्न होऊन आली. तसबिरींच्या पाठीचं काम ती घरी बसून करायची. अस्तर घालायच्या आधी प्रत्येक कागद उजेडाला धरून बघायची. "आता हा आत जाऊन आंधळा होणार," म्हणायची. "त्याआधी याला एकदा बघू द्या, मलाही बघू द्या."

नवीन होती, एकटी बाहेर जात नसे. मी संध्याकाळी आलो की विचारायची, आज कुठून कुठं गेलात, वाटेत काय लागलं. नकाशे पाहून पाहून तिला वाटलं, आपणही एक करावा. एका जुन्या नकाशाच्या कोऱ्या पाठीवर तिनं जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं माझ्या सांगण्यावरून अकोला काढायला घेतलं. मोर्णा नदी, असदगड किल्ला, मशीद, भाजीबाजार. मैल आणि फर्लांग तिला माहीत नव्हते. घरापासून मशीद किती दूर, तर चहाच्या दोन उकळ्या. भाजीबाजार किती दूर, तर एक किलो वाटाणे सोलून होतील इतका.

माझं दुकानही तिनं माझ्या सांगण्यावरूनच काढलं. इथं मला कबूल करावं लागतं की आमचं लग्न जमताना माझ्या मामूनं पातूरला सांगितलं होतं, दुकान दोन शटरचं आहे. दुकान एका शटरचं होतं. मामूचं खोटं मीही पुढे चालवलं. चार-पाच महिन्यांनी एक दिवस ती स्वतः डबा घेऊन दुकानात आली. उभी राहिली, शटरकडे पाहिलं, डबा ठेवला आणि गेली. त्यावर ती कधीच काही बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. मीही विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी ती बाळंतपणाला पातूरला गेली. दुकानात घाईचं काम आलं. मी घरातल्या कागदांच्या गठ्ठ्यातून वरचाच एक नकाशा उचलला, छापील बाजू वर होती, उलटून पाहिलंच नाही, अस्तर घातलं, खिळे मारले आणि तसबीर देऊन टाकली. रजिया यास्मीनला घेऊन परत आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "माझा कागद?"

कुठल्या तसबिरीत गेला ते मला आठवत होतं. कुणाच्या, ते आठवत नव्हतं. शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर, चौदा बाय अठरा. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात पानाचा डाग पडलेला होता. तो झाकावा म्हणून मी लाकडाची पट्टी नेहमीपेक्षा अर्धा इंच रुंद घेतली होती, चारही बाजूंनी. अशी चौकट मी पुन्हा कधी केली नाही.

यास्मीन गेल्यावर मी दुकानाबाहेर पाटी लावली: गजानन महाराजांच्या जुन्या १४ बाय १८ तसबिरी साफ करून, अस्तर बदलून मिळतील. फुकट.

पहिला वाचणारा देवीदास. तो माझा शाळेपासूनचा दोस्त, जातीनं माळी, समोर फुलांची गाडी लावतो. तीन एकर कापूस होता त्याचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं पऱ्हाटी उपटली आणि झेंडू लावला.

"काय बे, डोकं फिरलं काय तुयं?" तो म्हणाला. "शेगाव इथून हाकेवर, अन् तू अकोल्यात महाराजाचा फोटो शोधून राहिला? पऱ्हाटीत कापूस शोध म्हणा त्यापेक्षा!"

"चौकट ओळखता येईल मला."

"आन् फुकट काहून करून देतं? तुले फुकट करून देऊन राहिलं कोणी?"

मी त्याला नकाशाचं सांगितलं. तो जरा वेळ झेंडू ओवत बसला. मग म्हणाला, "वैनी मले काय म्हणे, माहीत हाये? देवीदासभाऊ, तुमचा दोस्त सगळं अकोलं एका खिळ्यानं बंद करून आला. चाल, शोधू."

फुकट म्हटल्यावर तसबिरी यायला लागल्या. ज्यांना आणणं जमत नव्हतं त्यांच्याकडे मी देवीदासच्या एम-एटीवर मागे बसून जायचो, मांडीवर हत्यारांची पेटी. चौकट पाहताच कळायचं की ही ती नाही. पण कबूल केलं होतं म्हणून पाठ उघडायची, आणि उघडली की आत काहीतरी निघायचं. एकात मुर्तिजापूरहून निघणाऱ्या छोट्या रेल्वेचा नकाशा. एकात चिखलदऱ्याचा बंगला आणि त्याच्यासमोर कॉफीची झाडं. एकात वऱ्हाडाचा असा नकाशा की यवतमाळ जिल्ह्याच्या जागी वणी जिल्हा लिहिलेला. एका कापडाच्या लेबलावर एक गोरी बाई कापसाच्या गाठीवर बसून पोपटाला डाळिंब देत होती. ते देवीदासनं मागून घेतलं आणि गाडीवर लावलं. "गिऱ्हाईक पायते तरी," म्हणाला.

हे सगळे कागद रजियानं पाहिलेले होते. पाठ उघडली की मला वाटे, माझ्या आधी या कागदाकडे शेवटची तीच बघून गेली आहे. चांगलं वाटायचं. मी प्रत्येक घरी नवा पांढरा कागद घातला आणि जुना विचारून घेतला.

लीलाबाई म्हणून एक म्हाताऱ्या शिक्षिका आहेत, निवृत्त. त्यांच्या तसबिरीतून पातूरच्या लेण्यांचं चित्र निघालं. लेण्यांसमोर हॅट घातलेला साहेब आणि त्याच्या शेजारी तीन मोठी ताडाची झाडं.

मी म्हणालो, "पातूरला माझी सासुरवाडी. तिथं ताड नाहीत."

लीलाबाईंनी चष्मा लावला. "साहेब आला असेल एक दिवस. चित्र काढलं असेल घरी जाऊन. त्याला वाटलं असेल हिंदुस्थान म्हणजे ताड हवाच." मग त्या हसल्या. "चौथीच्या पोरांना माझं घर काढा म्हटलं की सगळे डोंगर काढतात मागे. अकोल्यात डोंगर कुठंय? पण काढतात."

ते चित्र रजियानंही पाहिलं असणार. स्वतःच्या गावाला तीन ताड लावलेले पाहून ती काय म्हणाली असेल, हे मला माहीत नाही. मी त्या दिवशी दुकानात असेन. असं वाटलं की विचारायचं राहूनच गेलं. लीलाबाईंनी चहा केला होता, तो पिऊन निघालो.

दिवाळीपर्यंत एकतीस तसबिरी उघडून झाल्या. ती निघाली नाही. माझा उत्साह गेला. मी पाटी काढायला निघालो तेव्हा देवीदासनं मला थांबवलं.

"तुया चौकटीची पट्टी अर्धा इंच जास्त होती म्हणतं ना? चारी बाजूनं?"

"हो."

"मंग हार मोठा लागत असन ना बे!"

मला समजेना. तो हातवारे करत सांगू लागला. त्याच्या घरचा धंदा तीन पिढ्यांचा. दर गुरुवारी जुन्या शहरातल्या घरोघरी महाराजांचे हार पोचवायचे. हार तसबिरीच्या मापानं ओवतात. प्रत्येक घराचं माप हार ओवणाऱ्या बाईच्या बोटांवर असतं. "आन् ते बोटं माया मायची हायेत. चाल घरी."

देवीदासची आई माणिकबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. डोळ्यांना कमी दिसायचं, पण हार ओवत होती. मला आवाजावरून ओळखलं.

"अय्युब काय रे? बस पोरा. जेवला काय?"

देवीदास म्हणाला, "माय, आठव बरं. चौदा-अठराच्या फोटोले जास्त हार लागे असं एखांदं घर होतं काय? पट्टी जाडी होती त्याची."

माणिकबाईचे हात थांबले नाहीत. "होतं ना. जिनिंगातल्या बुधाजीचं. चार बोटं जास्त लागे. पयल्या गुरुवारी हार आखूड पडला तं दारात येऊन भांडला मायासंगं. मी म्हटलं, तुया महाराज वाढला काय रे एका हप्त्यात? तं म्हणे, चौकटवाल्यानं लाकूड जास्त लावलं." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तूच व्हय तो?"

"मीच, माणिकबाई."

"तुयापायी पाच वर्षं चार बोटं फुलं फुकट गेली मायी."

बुधाजी कापसाचं जिनिंग बंद पडल्यावर गावी निघून गेला होता, नांदगाव खंडेश्वरला. एवढं तिला ठाऊक होतं. जिनिंगच्या जुन्या चौकीदाराकडून पुढचं कळलं. बुधाजी वारून आठ वर्षं झाली. बायको पार्बताबाई आहे, मुलाजवळ असते.

पुढच्या गुरुवारी आम्ही एसटीनं निघालो. अमरावतीला यास्मीनकडे उतरलो. तिनं डबा भरून दिला आणि म्हणाली, "मिळाला तर आधी माझ्याकडे आणा." मी आजवर निघालेले सगळे कागद गुंडाळी करून बरोबर घेतले होते. का घेतले ते नक्की सांगता येणार नाही. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जाऊन तुमचा देव उघडू द्या म्हणणं बरं वाटत नव्हतं. देवीदासनं केळीच्या पानात हार घेतला होता, चार बोटं जास्तीचा.

पार्बताबाईचं घर नांदगावात शाळेच्या मागे. दार उघडलं आणि समोरची अर्धी खोली कापसानं भरलेली. भाव चढेल म्हणून वेचणीचा कापूस घरातच ठेवलेला, खिडकीपर्यंत ढीग. त्या ढिगाच्या वर, पलीकडच्या भिंतीवर, महाराज. मी दारातूनच चौकट ओळखली. अर्धा इंच जास्त. आणि तसबीर तिरपी टांगलेली होती, उजवीकडून चांगली बोटभर खाली.

पार्बताबाई सत्तरीची, बारीक, आवाज खणखणीत. मी सगळं सांगितलं. कोण, कुठला, काय शोधतो. तिनं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "नाई भाऊ. महाराज खाली नाई उतरणार."

"फक्त दहा मिनिटं, बाई. पाठ उघडून पुन्हा—"

"तो खिळा मालकानं ठोकला. इथं आलो त्याच दिवशी. तवापासून ना खिळा हालला ना फोटो. दिवाळीले मी वरच्या वरच पुसतो."

मी सवयीनं बोलून गेलो, "तिरपी झाली आहे, सरळ तरी करून देतो."

"हात लावू नका!" ती म्हणाली. "तिरपी नाई झाली. तिरपीच लावली. मालकाले डाव्या डोळ्यानं कमी दिसे. त्यायले ते सरळच दिसे."

देवीदास माझ्याकडे पाहायला लागला. माझ्या घरी रजियाच्या चपला अजून दाराशी आहेत. यास्मीननं उचलल्या तर मी चिडलो होतो. मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं. राहू द्या." आणि खरंच उठलो.

देवीदासनं हार पुढे केला. "हा तरी घाला, मावशी. मायच्या हातचा हाये, माणिकबाईच्या."

पार्बताबाईनं हार हातात घेतला, ताणून पाहिला. "माणिकबाई? हाये अजून? आमचा बुढा भांडला होता तिच्यासंगं."

"तिनंच तर पत्ता देला तुमचा. म्हणे, चार बोटं फुलं बाकी हायेत तिकडं."

ती हसली. दात कमी होते, पण मोकळी हसली. चहा टाकते म्हणाली, म्हणून पुन्हा बसलो. तेव्हा तिचं लक्ष माझ्या गुंडाळीकडे गेलं.

"हे काय हाये?"

"जुने नकाशे. इंग्रजाच्या वेळचे. तसबिरींच्या पाठीतून निघालेले."

"गावं असतेत काय त्याच्यात?"

"असतात ना."

ती चूल सोडून आली. "मायं माहेर असन काय? बोरझिरा. वरुडाकडचं. आता नाई ते. धरणात गेलं."

अमरावती जिल्ह्याचा एक मोठा नकाशा होता त्यात. मी तो कापसाच्या ढिगावर पसरला, दुसरीकडे जागाच नव्हती. मी सातवीपर्यंत शिकलेला. इंग्रजी अक्षरं एकेक करून लावतो. नावं मुंगीएवढी. नदीच्या बाजूनं वर जात राहिलो. चहा उतू गेला. देवीदास चुलीकडे धावला आणि वाटेत कापसात गुडघाभर रुतला.

"ये बाप्पा! मावशी, तुमचा कापूस भाव नाई देत, पण माणूस धरून ठेवते!"

आणि मला सापडलं. दोन ओढ्यांच्या मध्ये. मी वाचून दाखवलं, बो, र, झि, रा. शेजारी एक बारीक वर्तुळ होतं, विहिरीची खूण.

"बोट ठेवा इथं," मी म्हणालो.

तिनं बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. "ह्या विहिरीत मायी बादली पडली होती," ती म्हणाली. "मायनं मारलं मले त्यापायी. अजून तथीच असन." मग डोळे पुसून म्हणाली, "पाय बरं. आपल्या लोकाइनं बुडवलं, अन् इंग्रजाच्या कागदात कोरडं हाये."

"हा नकाशा तुमचाच," मी म्हणालो. "घडी करून ठेवा पेटीत."

"पेटीत उंदरं खातीन." ती वर महाराजांकडे पाहत राहिली. मग नकाशाकडे. मग पुन्हा वर. "तुमचा कागद तथी सत्तावीस वर्षं चांगला राह्यला असन काय?"

"मी लावलाय. चांगलाच असणार."

"मंग हा तथी लावून देसान काय? महाराजाच्या मांगं? हात जोडले म्हणजे माहेरालेही जोडल्यावानी होते." आणि लगेच बोट उगारलं. "पण परत टांगसान तं जसाच्या तसा! तिरपा!"

चाळीस वर्षं मी माणसांच्या भिंती सरळ करत आलो. तिरपं टांगायचं काम पहिल्यांदाच आलं. देवीदासनं हाराच्या पुडीचा दोरा घेतला, खिळ्यापासून चौकटीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत मापला आणि भिंतीवर पेन्सिलीनं दोन खुणा केल्या. मग मी कापसाच्या ढिगावर चढलो आणि महाराजांना खाली उतरवलं.

खिळे गंजलेले होते. एकेक पकडीनं काढला. पुठ्ठा उचलला. खाली वऱ्हाडातल्या कापूस बाजारांचा छापील नकाशा, कडा पिवळ्या, बाकी कोरा करकरीत. दोन्ही हातांनी उचलून मी तो उलटा केला.

जांभळं अकोला. रंग थोडा उडाला होता, पण सगळं होतं. मोर्णा, किल्ला, मशीद, दोन उकळ्या. किल्ल्यापेक्षा आमचं घर मोठं काढलेलं. गच्चीवर वाळत घातलेला माझा सदरा. नदी चुकीच्या अंगाला होती. तिला डावं-उजवं सांगताना मी घराकडे तोंड करून उभा होतो, ते मला आठवलं.

आणि दुकान. त्याला दोन शटर. व्यवस्थित, रेघारेघांची, पाटीसकट. पण दुसऱ्या शटरवर निळ्या बॉलपेनानं फुली मारलेली होती. पेन्सिलीच्या नंतरची, पण तिच्याच हातची. बाजूला उर्दूत बारीक अक्षरात एक छोटी ओळ, आणि खाली आणखी एक शब्द.

पार्बताबाई माझ्या खांद्यावरून बघत होती. "काय लिवलं हाये?"

मी कागद दाराच्या उजेडाला धरला. मग वाचलं. आधी उर्दूत, मग तिच्यासाठी मराठीत.

"एकच आहे. चालेल."

"काय एकच हाये?"

मी शटरची सगळी गोष्ट सांगितली. मामू, पातूर, डबा. देवीदासला ती गोष्ट माहीत नव्हती. तो आधी ऐकत राहिला आणि मग एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं, कापसातच. "दोन शटर! अबे, तुया दुकानात दोन माणसं उभी राहात नाईत!" पार्बताबाईही हसायला लागली, पदर तोंडाला लावून. मीही हसलो. मार्चनंतर तसा मी हसलो नव्हतो. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते कुणी बोलून दाखवलं नाही.

"शायनी बाई होती," पार्बताबाई म्हणाली. "आमच्या बुढ्यानं तं बारा एकर सांगतले होते. निघाले पाच. मी वरसभर बोलली नाई त्याच्यासंगं."

मी बोरझिऱ्याचा नकाशा अस्तर म्हणून घातला, छापील बाजू पुठ्ठ्याकडे, विहिरीचं वर्तुळ बरोबर मधोमध येईल असा. नवे खिळे मारले. बुधाजीच्या जुन्या खिळ्यावर तसबीर टांगली, देवीदासच्या खुणांना कोपरे लावले. पार्बताबाई दारापर्यंत मागे गेली, डावा डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाली, "जरा उजवीकून खाली. हां. बस." मग हार घातला. बरोबर बसला, चार बोटांसकट.

परतताना यास्मीनकडे थांबलो. तिनं नकाशा जमिनीवर पसरला आणि रात्रीचा स्वयंपाक राहूनच गेला. शेवटी बाहेरून काहीतरी मागवलं.

नकाशा मी मढवला. साधी पट्टी, अर्धा इंचाची भानगड नाही, आणि काच दोन्ही बाजूंनी, म्हणजे कधी उतरवून पाहिला तर मागचे कापूस बाजारही दिसावेत. घरच्या भिंतीवर लावणार होतो. पण हातोडी घेऊन उभा राहिलो आणि वाटलं, घरात तिला शटर दाखवून काय करू? ती फुली या एका शटरच्या दुकानातच शोभेल. म्हणून दुकानात लावला, शटर उघडलं की समोरच्या भिंतीवर, आत येणाऱ्याला आधी तोच दिसेल असा.

गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी म्हणतो, अकोला. मग ते आपलं घर शोधायला लागतं. कुणाचं सापडतं, कुणाचं नाही, तेव्हा बांधलेलंच नव्हतं. एक-दोन जण दर आठवड्याला सांगतात की अय्युबभाई, नदी चुकीच्या बाजूला काढली आहे. मी त्यांना सांगतो, चूक माझी आहे, काढणारीची नाही.

देवीदास रोज सकाळी गाडी लावली की आत डोकावतो. "दुसरं शटर उघडलं नाई काय बे अजून?" असं विचारतो आणि झेंडूचं एक फूल चौकटीवर ठेवून जातो. हार नको म्हणून मी सांगितलं आहे. फुलाला ती नाही म्हणाली नसती.